चेन योगा स्टुडिओत आठ महिने

साखळीचं नाव लिहीत नाही. तक्रार आहे तसं कौतुकही आहे, आणि दोन्ही फक्त तिच्यापुरतं असेल असं मला वाटत नाही. मुंबईभर शाखा आहेत. मी पार्ल्याच्या शाखेत जाते, आणि ऑफिस प्रभादेवीला असल्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी दादरच्या. नोव्हेंबरात सुरू केलं, आता जुलै आहे. वय ४८, दिवसभर खुर्ची, डावा गुडघा कुरकुरणारा.

सासूबाईंचं म्हणणं होतं, सांताक्रूझच्या प्रभात कॉलनीतल्या योग इन्स्टिट्यूटमध्ये जा. ती संस्था १९१८ची, आणि त्या स्वतः तिथे शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी बाकी सगळे कालचे. पण मला वेळ जमवायचा होता. इथे सकाळी सव्वासहापासून रात्रीपर्यंत कुठलीही बॅच, कुठलीही शाखा; अ‍ॅपवर जागा धरायची की झालं. तीन महिन्यांचे ९,६०० भरले. मॅट आपली आपण न्यायची.

शिकवणं कसं आहे ते सांगते. तास ६० मिनिटांचा आणि आखणी वरून येते. सोमवारी पाठ-कंबर, मंगळवारी पोट, असं ठरलेलं. किती ठरलेलं, ते मला एका सोमवारी कळलं. सकाळची बॅच चुकेल म्हणून दादरला जागा धरून ठेवली होती, आणि शेवटी दोन्हीकडे गेले. मार्जारासनाला पार्ल्याच्या सरांनी जो विनोद केला, तोच दादरच्या मॅडमनी केला. त्याच आसनाला, त्याच शब्दांत. मला शवासनात हसू आवरेना.

पण पहिले तीन महिने या साच्याचा मला फायदाच झाला, हे कबूल करायला हवं. शिक्षक बदलला तरी गोंधळ नाही, पुढे काय येणार हे शरीराला माहीत. सूर्यनमस्कार ४ वरून १२ वर गेले, दुपारी तीननंतर मान धरायची ते थांबलं.

अडचण त्यानंतर सुरू होते. शिक्षक स्वतः पुढे आसनं करत असतो, नजर घड्याळावर, कारण अठरा आसनं तासात बसवायची असतात. आपण त्याच्या पाठीकडे बघून करतो. मागच्या रांगेत कोण काय करतंय, हे त्याला दिसणार कसं? मी पाच महिने त्रिकोणासन चुकीचं करत होते आणि दर वेळी ‘व्हेरी गुड’ ऐकत होते.

एप्रिलमध्ये गुरुवारला नवीन मॅडम आल्या. मुलगीच म्हणायची, तिशीची असेल. ती स्वतः काही करत नाही, वर्गात फिरते. माझ्याजवळ आली, खाली बसली आणि माझ्या गुडघ्यामागे दोन बोटं ठेवली. म्हणाली, “ताई, माझ्या बोटांवर भार येतोय. तो काढा.” मला कळेचना. मग म्हणाली, “गुडघा मागे ढकलू नका, वाटी वर ओढा.” कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या विटांमधली एक आणून हाताखाली ठेवली. हात जमिनीऐवजी विटेवर आला, मांडी आवळली गेली, आणि गुडघ्यातली ती बारीक कळ थांबली. जिना उतरताना आता कठडा धरत नाही.

तिचं शिक्षण अय्यंगार पद्धतीतलं. तिच्या तासात कधीकधी पाचच आसनं होतात, आणि मग रिसेप्शनवर तक्रार जाते की घामच आला नाही. गंमत अशी, की बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस दोघेही म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडेच शिकले. एकाने आसनात थांबायला शिकवलं, विटा-पट्टे-दोर हाताशी दिले. दुसऱ्याने श्वासाबरोबर एकातून दुसऱ्यात जायला. या साखळीची आखणी उघडच दुसऱ्या घराण्याची आहे. पण म्हैसूरच्या त्या पद्धतीत प्रत्येक जण आपापल्या गतीने करतो आणि आधीचं आसन बसल्याशिवाय गुरू पुढचं देत नाही. इथे वेग तेवढा उचललाय, थांबवणारा गुरू वगळलाय. अठराच्या अठरा सगळ्यांना, पहिल्या दिवसापासून.

बाकी किरकोळ. एसी इतका गार, की अंग तापायच्या आत आखडतं, आणि पार्ल्याला मागच्या कोपऱ्यात तो गळतोही; शवासनात कपाळावर थेंब पडला की समाधी तिथेच भंग. मेंबरशिप फ्रीज करायची तर सात दिवस आधी कळवा म्हणतात. मला मे महिन्यात ताप आला होता. तापाची तारीख आधी कशी कळवायची, हे विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी नुसती हसली. आठ दिवस बुडाले. २१ जूनला १०८ सूर्यनमस्कारांचं आव्हान होतं. मी ३६ला खाली बसले, टी-शर्ट मात्र मिळाला.

तिशीच्या आत असाल, काही दुखत नसेल आणि नुसती सवय लावायची असेल, तर घ्या, पैसे वसूल होतील. दुखणं घेऊन जाणार असाल तर आधी दोन-तीन शिक्षकांचे ट्रायल क्लास करा, आणि कोण फिरून बघतं तेवढं पाहा. अ‍ॅपवर शिक्षकाचं नाव आदल्या रात्री दिसतं, त्याआधी नाही. हे मला सगळ्यात खटकतं.

माझं पॅकेज ऑगस्टमध्ये संपतंय. गुरुवारच्या मॅडमची बोरिवलीला बदली झाली. जाताना हळूच म्हणाली, “ताई, लोअर परळला अय्यंगार योगाश्रय आहे, तुमच्या ऑफिसजवळ. मी सांगितलं म्हणून सांगू नका.” तिथे चौकशी करायचीच आहे. तोवर बोरिवलीची सव्वासहाची बॅच धरलीय, दर गुरुवारी. जाताना बसायला मिळतं. येतानाचं बघू.