ग्वाकामोले : रिमोट डेस्कटॉपच्या दारातला मध्यस्थ

दूरच्या संगणकाचा पडदा ब्राउझरमध्ये आणून देणारे अपाचे ग्वाकामोले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मी गेले दीड वर्ष रोज वापरत आहे. आरडीपी (विंडोजचा पडदा दूरवर दाखवणारी पद्धत), व्हीएनसी (तशीच, पण कुठल्याही प्रणालीसाठीची) आणि एसएसएच (आज्ञा टंकून संगणक चालवण्याची एन्क्रिप्ट केलेली जोडणी) या तिन्ही मार्गांनी ते जोडणी करते आणि आपण ज्या यंत्रावर बसतो त्यावर ब्राउझरखेरीज काहीही बसवावे लागत नाही.

मी त्याकडे वळलो ते सुरक्षिततेसाठी. आरडीपीचे 3389 हे पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांक दिलेले दार) इंटरनेटवर उघडे ठेवले, की फार वेळ न जाता अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड जुळवून पाहणे सुरू होते. 2019 च्या मे महिन्यात उघडकीस आलेल्या विंडोजच्या आरडीपीतील ब्लूकीप या त्रुटीचा फायदा घ्यायला तर पासवर्डचीही गरज नव्हती. आपण आणि तो संगणक यांच्या मधे ग्वाकामोले बसवल्यावर बाहेरून फक्त 443 हे सुरक्षित वेबचे पोर्ट दिसते, आणि दोन टप्प्यांची ओळखपडताळणीही त्यावर लावता येते.

खासगीपणाचा प्रश्न मात्र इथेच सुरू होतो. सॉक्स5 प्रकारचा साधा प्रॉक्सी, म्हणजे वाहतूक फक्त पुढे पाठवणारा मध्यस्थ, बंद पाकीट तसेच पुढे सरकवतो. आतल्या आरडीपीला स्वतःचे टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल, तर कोण कुठे जोडले गेले, किती वेळ आणि किती डेटा गेला, एवढेच त्याला कळते. ग्वाकामोले ते पाकीट उघडते. त्यातला ग्वाकडी हा घटक दूरच्या संगणकाशी स्वतः आरडीपीने बोलतो, आलेला पडदा आपल्या मेमरीत रंगवतो आणि मग वेगळ्या भाषेत ब्राउझरकडे पाठवतो. म्हणजे आपण टंकलेले प्रत्येक अक्षर आणि क्लिपबोर्डवरून चिकटवलेला मजकूर त्या सर्व्हरवर उघड्या रूपात येतो. सत्राचे रेकॉर्डिंग करण्याची, आणि वेगळा पर्याय निवडल्यास दाबलेल्या कळाही नोंदवण्याची सोय त्यात आहे. ती चालू करणे प्रशासकाच्या हातात असते, वापरणाऱ्याच्या नव्हे. माझ्या मते हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, त्याची बांधणीच तशी आहे. पण म्हणूनच दुसऱ्याने चालवलेल्या ग्वाकामोलेवरून मी कुठलाही महत्त्वाचा पासवर्ड टाकणार नाही, आणि कोणाला टाकायलाही सांगणार नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवतानाही दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. ग्वाकामोलेचा ब्राउझरशी बोलणारा वेब अनुप्रयोग आणि ग्वाकडी यांच्यातली 4822 पोर्टवरची वाहतूक मुळात एन्क्रिप्ट केलेली नसते, त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रावर ठेवावेत किंवा त्यांच्यात टीएलएस चालू करावे. दुसरे म्हणजे, दूरच्या संगणकाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय जोडणी पटकन व्हावी म्हणून सर्रास निवडला जातो. तो निवडला, की पलीकडचा संगणक खरोखर आपलाच आहे याची खातरजमाच उरत नाही.

वेगाबद्दल पहिल्या आठवड्यात मी अगदी निराश झालो होतो. ओळ टंकावी, पडद्यावर काहीच दिसू नये, आणि क्षणभराने सगळी अक्षरे एकदम उमटावीत, असे सतत होत होते. मी नेटवर्कला दोष देत राहिलो, पण कारण ग्वाकामोलेच्या पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सापडले : वेबसॉकेटसाठी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी जोडणी) लागणारे हेडर, म्हणजे विनंतीसोबतच्या सूचना, मी पुढे पाठवत नव्हतो, म्हणून जोडणी साध्या एचटीटीपीवर उतरली होती, आणि तिथे एनजिनएक्सचे बफरिंग (डेटा थोडा साठवून मग पाठवणे) चालू असल्याने पडद्याचे बारीक बदल साठून गठ्ठ्याने येत होते. हेडरच्या ओळी घातल्या, बफरिंग बंद केले आणि त्याच दिवसापासून कर्सर बोटांबरोबर चालू लागला.

उरलेला विलंब अंतराचा आहे, आणि त्यावर कुठलीच सेटिंग चालत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मध्यस्थ सर्व्हरमुळे वाट 1000 किलोमीटरने वाढली, तर जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद वाढणारच. म्हणून गेटवे, म्हणजे ग्वाकामोलेचा सर्व्हर, दूरच्या संगणकाच्या शेजारीच, शक्यतो त्याच्याच नेटवर्कमध्ये ठेवावा.

मजकूर, तक्ते, सर्व्हरची देखभाल या कामांत मला आता मध्ये कोणी आहे हे जाणवतही नाही. व्हिडिओ किंवा वेगाने सरकणारी चित्रे मात्र पुन्हा रंगवून पाठवताना सर्व्हरच्या प्रोसेसरवर भार येतो आणि चित्र अडखळते. तसले काम असेल त्या दिवशी मी एसएसएच बोगद्यातून (एसएसएचच्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून) थेट आरडीपी जोडतो.