स्टॅनली आधी ऐकू की बॉइस?

दोघं लंडनचे संगीतकार, दोघं मॉरिस ग्रीन या संगीतकाराचे शिष्य आणि वयात जेमतेम वर्षाचं अंतर, विल्यम बॉइस १७११चा, जॉन स्टॅनली १७१२चा. त्या काळच्या लंडनमधल्या सर्वांत बड्या संगीतकाराच्या, हँडलच्या, सावलीत दोघंही झाकले गेले ते गेलेच.

स्टॅनली दोनेक वर्षांचा असताना पडला आणि दृष्टी गेली, तरी अकरा-बारा वर्षांचा पोरगा चर्चमध्ये ऑर्गनिस्ट (ऑर्गन वाजवणारा), १७व्या वर्षी ऑक्सफर्डची संगीताची पदवी, आणि पुढे लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याचं वादन ऐकायला खुद्द हँडल यायचा म्हणजे बघा! बॉइसचं उलटं, त्याचे कान हळूहळू गेले आणि शेवटी ऑर्गनिस्टच्या नोकऱ्या सोडाव्या लागल्या. शिवाय गडी जुनं चर्चसंगीत गोळा करून संपादित करत बसला, तीन मोठे खंड काढले. हे काम मला त्याच्या संगीताइतकंच मोठं वाटतं.

ऐकायचं म्हणाल तर ऑर्गनसाठी स्टॅनलीच. त्याच्या ३० व्हॉलंटरी, म्हणजे एकट्या ऑर्गनसाठीच्या छोट्या रचना, आहेत, बऱ्याचशांची सुरुवात संथ आणि मग एकदम ऑर्गनच्याच ट्रम्पेट किंवा कॉर्नेट नावाच्या आवाजात पळापळ, शिवाय पायपट्टी (पायांनी वाजवायच्या पट्ट्या) लागत नाही त्यामुळे घरच्या कीबोर्डवरही जमतात (मी प्रयत्न केलाय, शेजारी अजून बोलतात माझ्याशी). ऑर्गनचा कंटाळा असेल तर बॉइसच्या वाद्यवृंदासाठीच्या आठ सिम्फनी घ्या, १७६०मध्ये छापलेल्या, छोट्या आणि टवटवीत, पहिलीच लावा.

गंमत म्हणजे १७७९मध्ये बॉइस गेला आणि त्याचं राजदरबारी संगीतप्रमुखाचं पद मिळालं कोणाला, तर स्टॅनलीला.