चाळीस डीव्हीडींचा लॉट, कामाच्या निघाल्या एकवीस

ऑनलाइन लिलावात डीव्हीडी जमवणाऱ्याला सगळ्यात मोठी भुरळ पडते ती लॉटची. एकेका डिस्कमागे धावण्यापेक्षा चाळीसचा गठ्ठा एकदम उचलायचा, हिशेब सरळ वाटतो. गोम त्या हिशेबातच असते. नेहमीच्या पठडीतलं एक उदाहरण घ्या. वर्णन एका ओळीचं: '४० डीव्हीडी, केस उत्तम, सगळ्या तपासलेल्या नाहीत.' फोटो एकच, फळीवर ओळीने उभ्या केलेल्या केसच्या, म्हणजे डिस्कच्या प्लास्टिक डब्यांच्या, कडांचा. बोली ८०० ला सुटली, म्हणजे नग २० ला पडला असं घेणारा धरून चालतो. चलन कुठलंही माना. वर टपाल ४६०. खोका उघडल्यावर ४ केस रिकाम्या, ३ मध्ये भलतीच डिस्क, ५ घरी कॉपी केलेल्या, ३ दुसऱ्या रीजनच्या (म्हणजे दुसऱ्या देशांतल्या प्लेअरसाठी काढलेल्या) आणि ४ मध्येच अडकणाऱ्या. उरल्या २१. एकूण १२६० भागिले २१, म्हणजे नग ६० ला. तेवढ्यात हव्या त्या डीव्हीडी एकेक निवडून घेता आल्या असत्या.

यात विक्रेता धडधडीत खोटं कुठेच बोललेला नाही, आणि म्हणूनच तक्रार करताना पंचाईत होते. 'सगळ्या तपासलेल्या नाहीत' म्हणजे काही तपासल्या, की एकही नाही? 'केस उत्तम' म्हटलं, डिस्कबद्दल चकार शब्द नाही. कडांच्या फोटोत केसमध्ये काय आहे ते दिसत नाही. बोली लावण्याआधी साइटच्याच मेसेजमधून तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक केस उघडून डिस्क मोजल्या आहेत का, रीजन कोणता, आणि डिस्कच्या खालच्या बाजूचे फोटो मिळतील का. 'फोटोत दिसतंय तसंच आहे' एवढंच उत्तर आलं तर तो लॉट सोडून द्या. नीट उत्तर आलं तर तेच पुढे पुरावा म्हणून कामी येतं. फोनवर किंवा बाहेरच्या चॅटवर झालेलं बोलणं साइट सहसा धरत नाही.

कॉपी ओळखायला डिस्क उलटी करा. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. डीव्हीडी-आर, म्हणजे घरी रेकॉर्ड करायची कोरी डिस्क, जांभळट दिसते, आणि तिरपी धरली की रेकॉर्डिंग जिथे संपलं तिथे रंगाची गोल सीमारेषा उमटते. वरच्या बाजूला कागदी स्टिकर असेल तर संशय आणखी पक्का. पण चंदेरी रंगावर निर्धास्त होऊ नका, चोरीचा माल कारखान्यातही छापला जातो. म्हणून मधल्या भोकाभोवती भिंगातून बघा. आरशासारख्या पट्ट्यावर एक आणि भोकाजवळच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये एक असे दोन बारीक आयएफपीआय कोड (डिस्क कुठल्या कारखान्यातली ते सांगणारे) सहसा सापडतात. जुन्या अस्सल डिस्कवर एखादा नसतोही, मात्र पट्टा कोरा किंवा घासलेला असेल तर दाल में काला.

शंका उरलीच तर डिस्क संगणकात घाला. ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली) की डीव्हीडी-आर ते सांगतं. आकारही बोलका असतो. एका थराची क्षमता ४.७ जीबी, दोन थरांची ८.५. दोन थरांचा सिनेमा एका थरात कोंबताना चित्र दाबावं लागतं, जादा फीचर्स आणि मेनू उडवावे लागतात. कव्हरवर दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीचा उल्लेख आणि डिस्क लावताच थेट सिनेमा सुरू, अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपके, अशी जोडी दिसली की समजून जा. मालिकांच्या 'सीलबंद, ऑल रीजन' बॉक्स सेटमध्ये हा प्रकार जास्त. त्या मालिकेचा पूर्ण संच डीव्हीडीवर कधी निघाला होता का, किती डिस्कचा, कुठल्या रीजनसाठी, एवढं आधी तपासलं तरी बरेच सेट तिथेच गळतात. सीलवर तर अजिबात विसंबू नका, प्लास्टिकचा रोल आणि गरम हवा असली की कोणीही सील करतं.

रीजनचं थोडक्यात. १ अमेरिका आणि कॅनडा, २ बहुतेक युरोप आणि जपान, ३ आग्नेय आशिया, ४ ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका, ५ भारत, रशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग, ६ चीन. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन साधारण ५ वेळाच बदलता येतो, मग तो कायमचा ठरतो. याशिवाय पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन चित्रपद्धतींची भानगड वेगळी. पालमध्ये सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवतात, त्यामुळे १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो. पाच मिनिटं कमी दिसली म्हणून 'कापलेली प्रत दिली' असा कांगावा करू नये, त्यात विक्रेत्याचा दोष नसतो.

ओरखड्यांबाबत मात्र नीट समजून घ्या, कारण 'थोडे ओरखडे, चालते' या शब्दांत बरंच काही दडतं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, माहिती त्यांच्या मध्ये. खालचा ओरखडा खोल नसेल तर पॉलिश होतो. मधून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा प्लेअरची दुरुस्ती यंत्रणा बहुधा सांभाळून घेते. वर्तुळात गेलेला, ट्रॅकच्या दिशेने धावणारा ओरखडा लहान दिसला तरी सलग माहिती खातो आणि तिथे चित्र गोठतं. भोकाजवळ तडा असेल तर इलाज नाही, असली डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका. कडेकडून तांबूस डाग पसरत असतील तर आतला धातूचा थर खराब होतोय, तेही पॉलिशने जात नाही.

तपासताना पहिली दहा मिनिटं बघून 'ठीक आहे' म्हणण्यात अर्थ नाही. वाचन आतून बाहेर सुरू होतं. डिस्क मात्र कडेला धरली जाते, डाग-ओरखडे तिथेच जास्त. एका थराच्या भरलेल्या डिस्कवर कडेचा भाग सिनेमाच्या शेवटाशी येतो. दोन थरांच्या सिनेमाच्या डिस्कवर लेझर बहुधा कडेला जाऊन दुसऱ्या थरावरून आत परततो, म्हणजे कड येते सिनेमाच्या मध्यावर. म्हणून मधली दहा आणि शेवटची दहा मिनिटं बघा.

आता बोलीकडे. तुम्ही कमाल आकडा देता आणि साइट गरजेपुरती बोली तुमच्या वतीने वाढवत नेते. तुम्ही ८०० कमाल ठेवलीत आणि पुढच्याची कमाल ३५० असेल, तर ३५० च्या एक पायरी वर लॉट तुमचा व्हायला हवा. विक्रेत्याचंच दुसरं खातं मधे पडलं तर चित्र बदलतं. ते खातं धडाधड बोली वाढवत तुमची कमाल शोधतं, ती ओलांडली की 'आकडा चुकला' म्हणून बोली मागे घेतं आणि जरा खालून परत लावतं. बोलींचा इतिहास उघडा. कमी फीडबॅकचं खातं, बहुतेक बोली याच विक्रेत्यावर आणि मागे घेतलेल्या बोली, हे तिन्ही एकत्र दिसले की बाजूला व्हा. उशिरा बोली आली तरी बंद व्हायची वेळ पुढे जात नाही अशा लिलावात शेवटच्या दहा सेकंदांत एकदाच, ठरवलेली कमाल लावणं त्यातल्या त्यात बरं. कमाल ठरवताना त्यात टपाल धरा. केससकट डीव्हीडी साधारण १०० ग्रॅमची, म्हणजे ४० नग ४ किलो आणि वर खोका. नुसती डिस्क जेमतेम १६ ग्रॅमची. केसचा सोस नसेल तर डिस्क आणि कव्हर पाकिटात पाठवायला सांगा, टपाल बरंच उतरतं. हरल्यानंतर 'पहिला घेणारा फिरला, तुम्हाला देतो' असा ईमेल आला तर तीच ऑफर साइटवरच्या तुमच्या खात्यात दिसते का ते बघा. नसेल तर पैसे पाठवू नका.

पार्सल आलं की आधी लेबलसकट वजन, मग एकाच सलग व्हिडिओत उघडणं, प्रत्येक केस उघडून कॅमेऱ्यासमोर. रिकाम्या केस बाजूला रचा. तक्रारीची मुदत कधी संपते ते त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका, कारण 'आठवडाभर थांबा, बदली पाठवतो' हे उत्तर नेमकं मुदत संपेपर्यंत येत राहतं. 'तक्रार मागे घ्या, मग अर्धे पैसे देतो' हाही जुनाच डाव. बंद केलेली तक्रार सहसा पुन्हा उघडता येत नाही. माल परत पाठवायची वेळ आली तर ट्रॅकिंगने पाठवा आणि पावतीवर वजन छापून घ्या. रिकामा खोका आला असं विक्रेता म्हणाला, तर ४ किलोची ती पावती त्याच तक्रारीत जोडा.