सोनीचं टफ कार्ड: तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत वापरल्यावर

जाहिरातीत कॅमेऱ्याचं हे मेमरी कार्ड पाच मीटरवरून पडतं, पाण्यात बुडतं आणि तरी चालतं. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्याचं कार्ड कधी पाच मीटरवरून पडत नाही. ते जातं रोजच्या काढ-घालीत. सोनीच्या टफ मालिकेतलं एसएफ-एम, १२८ जीबीचं कार्ड मी घेतलं ते एवढ्यासाठीच, की त्याचं अंग सलग आहे. तुळशीच्या लग्नानंतर घेतलं, अख्खी लग्नसराई त्यावर काढली, वारीही काढली. आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

साधं एसडी कार्ड उलटं करून नीट बघा. सोनेरी पट्ट्यांच्या मधे प्लास्टिकच्या काडीएवढ्या बारीक कडा असतात, बाजूला लॉकची चिमुकली कळ असते आणि कडेने एक रेघ फिरलेली दिसते. ती रेघ म्हणजे सांधा. पातळ प्लास्टिकची दोन झाकणं एकमेकांना चिकटवलेली असतात आणि खरी चिप आत बसलेली असते. सगळी जाडी मिळून २.१ मिलिमीटर, म्हणजे त्या झाकणांच्या वाट्याला किती येत असेल याचा अंदाज करा.

सगळ्यात आधी कळ ढिली होते. ती पडून गेली की कॅमेरा 'कार्ड लॉक आहे' म्हणून अडून बसतो. लॉक आहे की नाही हे आतल्या चिपला ठाऊकच नसतं. कळीची खाच मोकळी आहे की भरलेली, एवढंच कॅमेऱ्यातला स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची जागा, चाचपतो. म्हणून त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावला की मेलेलं कार्ड पुन्हा जिवंत होतं. कार्यालयात अडल्यावर ठीक आहे, पण टेप स्लॉटमधे सुटली तर कॅमेराच सर्व्हिस सेंटरला न्यावा लागेल. असं कार्ड शेवटचं एकदा कॉपी करून घ्यावं आणि बाजूला काढावं.

माझं आधीचं कार्ड सांध्याने गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचीच कार्डं माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे अजून धडधाकट आहेत. मंगलाष्टकं सुरू होती, अंतरपाट धरलेला होता आणि स्क्रीनवर कार्ड एररचा निरोप आला. मुलीच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या नजरेतून काही सुटत नाही. "काय भाऊ, मशिन बंद पडलं काय?" म्हटलं, "नाही मामा, कार्ड बदलतोय." कार्ड बाहेर काढलं तर कोपऱ्यात सांधा उकललेला आणि दोन पट्ट्यांमधली कड गायब. ती कड स्लॉटमधे अडकून राहिली असती तर दुसरं कार्डही बसलं नसतं. कॅमेरा उलटा करून तळहातावर हलकेच ठोकला तेव्हा तो तुकडा खाली पडला, अक्षतेच्या दाण्यापेक्षाही लहान.

माझ्याकडे सोनीचा ए-सेव्हन थ्री आहे, त्याला दोन स्लॉट आहेत. एका कार्डावर रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, दुसऱ्यावर जेपेग, म्हणजे तयार फोटो, असं मी लावून ठेवतो. त्यामुळे लग्न गेलं नव्हतं, जेपेग सुखरूप होते. पण मंडपातल्या पिवळ्या-निळ्या दिव्यांत काढलेल्या फोटोंना अल्बमसाठी रॉ असले की जीव येतो, म्हणून ते परत मिळवायला बसलो. एका डेटा रिकव्हरीवाल्याने कार्ड न बघताच फोनवर पाच आकडी रक्कम सांगितली. तेव्हा घरीच बसलो.

कार्ड बिघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता यावर निम्मं अवलंबून असतं. अशा वेळी कॅमेरा विचारतो, फॉरमॅट करू का. लॅपटॉपला लावलं की विंडोजही तेच विचारतं. दोघांनाही नाही म्हणायचं. डिस्क दुरुस्तीचा चेक-डिस्कही तेव्हा चालवायचा नाही, कारण तो कार्डावर लिहितो आणि आपल्याला त्यावर आता एक अक्षरही लिहायचं नसतं. चुकून फॉरमॅट झालेलं असलं तरी हातपाय गाळू नका. साध्या फॉरमॅटमधे बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फोटो जागच्या जागी असतात. त्यावर नवीन फोटो काढले की मात्र ते कायमचे जातात.

माझं कार्ड रीडरमधे विशिष्ट कोनात धरलं तरच ओळखलं जात होतं. अशा कार्डातून एकेक फाइल उचलत बसू नये. आधी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर करायची. लिनक्सवर डीडी-रेस्क्यू आहे, ते अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि नंतर परत येऊन पुन्हा प्रयत्न करतं. प्रतिमा हाती आल्यावर हरवलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दिसायला अगदी जुनाट, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ते अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक असते, ती शोधत जातं. त्यामुळे फोटो मिळतात पण नावं जातात. सगळ्या फाइली 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशा येतात. मी त्या फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावल्या आणि हळदीपासून एररपर्यंतचा क्रम जुळला. शेवटच्या दोन-चार फाइली अर्ध्याच्या पुढे करड्या होत्या, तिथे जेपेग वापरले.

व्हिडिओवाल्यांना फोटोरेक एवढी साथ देत नाही. मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांत पडलेली असली की ती जोडता येत नाही. आणि रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तर एमपी-फोरची शेवटी लिहिली जाणारी सूचीच राहून जाते. त्यासाठी अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगवरची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते.

आता टफबद्दल. याला कळ नाही, कडा नाहीत आणि सांधाही नाही. सगळं एका साच्यात ओतलेलं आहे. हातात जाड वाटत नाही, पण दोन बोटांत दाबलं तर वाकत नाही. इतके महिने रोज काढ-घाल होऊनही कडेला टवका नाही. पट्ट्यांवर घासल्याच्या रेघा आल्यात, त्या कुठल्याही कार्डावर येतात.

माउलींची पालखी जेजुरीत येते तेव्हा भंडाऱ्याची जी उधळण होते ती ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना सांगायला नको. कॅमेरा, पिशवी, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. त्यात पावसाची सर आली की हळदीचा लगदा होतो. टफवर तो बसला होता. ओल्या फडक्याने पुसलं, रात्रभर कोरडं ठेवलं, चालू. उघड्या पट्ट्यांमधे कडा नसल्यामुळे हळद साचायला कोपराच नाही, हा मला न सुचलेला फायदा. पण लोक एक विसरतात: पाण्या-धुळीपासून हमी कार्डाची आहे, स्लॉटची नाही. हळद लागलेलं कार्ड तसंच कॅमेऱ्यात सारलं तर आतल्या पिनांचं जे व्हायचं ते होणारच. पट्ट्यांना मी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं कापड वापरतो. खोडरबर घासणारे बरेच आहेत, त्याचा चुरा नंतर स्लॉटमधे जातो.

वेगाचं सांगायचं तर पाकिटावर दोन आकडे आहेत: वाचायला सेकंदाला २७७ एमबी, लिहायला १५०. शिवाय व्ही६०, म्हणजे व्हिडिओ लिहिताना सेकंदाला ६० एमबीच्या खाली न जाण्याची हमी. माझ्या कॅमेऱ्यातला फोर-के व्हिडिओ जास्तीत जास्त १०० मेगाबिटचा, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. त्याला व्ही३० पुरून उरतं. यातला वेग जाणवतो तो वरात नाचत असताना धडाधड फोटो घेतल्यावर बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, रिकामा होताना, आणि तोही कार्ड योग्य स्लॉटमधे असेल तरच. ए-सेव्हन थ्रीमधे यूएचएस-टू, म्हणजे कार्डाशी बोलायची जलद पद्धत, फक्त स्लॉट एकला, म्हणजे खालच्याला आहे. वरचा यूएचएस-वन, त्याची कमाल मर्यादाच १०४. हात सवयीने वरच्या स्लॉटकडे जातो आणि मग लोक कार्डाला शिव्या घालतात. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहीत असाल तर कॅमेरा हळू कार्डासाठी थांबतो, तेव्हाही या कार्डाचा उपयोग अर्धाच.

खरी चैन घरी येऊन कॉपी करताना. ६४ जीबी माल साध्या रीडरने सेकंदाला ९० एमबीने उतरवला तर बारा मिनिटं, यूएचएस-टू रीडरने २५०च्या आसपास मिळाले तर सव्वाचार. रात्री दोनला कार्यालयातून आल्यावर हा फरक कळतो. माझं मत विचाराल तर आधी चांगला रीडर घ्या, मग महाग कार्ड. स्वस्त रीडरच्या वाकड्या पिना किती कार्डांच्या जिवावर उठतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

कळ नसल्याची एक अडचण आहे. भरलेलं कार्ड लॉक करून ठेवायची ज्यांना सवय आहे त्यांना हे कार्ड अडेल. मी डबीत भरलेलं कार्ड पालथं ठेवतो आणि असिस्टंटलाही तेच सांगितलंय. त्यावर कागदी स्टिकर लावू नका, उन्हात गोंद सुटतो; मार्करने आकडा टाका. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर. सोनीचे कॅमेरे कार्डावर स्वतःची नोंदवही ठेवतात. लॅपटॉपवरून मधलेच फोल्डर उडवले की पुढच्या वेळी 'डेटाबेस दुरुस्त करू का' म्हणून विचारत बसतात. विमानतळाच्या एक्स-रेला आणि चुंबकाला घाबरू नका. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढायला घाबरा.

महागड्या कार्डांच्या नकलाही तितक्याच निघतात. नकली कार्ड आपण १२८ जीबी असल्याचं सांगतं, आत असतं त्याच्या चतुर्थांश, आणि भरल्यावरही लिहिल्यासारखं करत राहतं. सगळी फोटोग्राफी झाल्यावर कळतं. नवीन कार्ड आलं की बिल सांभाळून विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, मॅक किंवा लिनक्सवर एफ-थ्री. कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतात, थोडा वेळ जातो.

एकच स्लॉट असलेल्या कॅमेऱ्यासाठी एवढे पैसे घालू नका. त्यापेक्षा ३२ जीबीची चांगल्या दुकानातली साधी कार्डं घ्या आणि हळदीचं वेगळं, सीमांतपूजनाचं वेगळं, लग्नाचं वेगळं असं वाटून टाका. दोन स्लॉट असतील आणि रोजचं काम असेल तर टफ घ्या, पण १२८चं नको. कंप्रेस्ड रॉ साधारण २४ एमबीचा धरला तर ६४ जीबीत अडीच हजारांवर फोटो बसतात. माझं १२८ एकाही लग्नात भरलं नाही, पुढचं मी ६४चंच घेणार आहे.