बाटलीतलं बूच आणि बाळाचं डोकं: ओडॉन उपकरण कितपत जमतं?

बाळंतपणात अडलेलं बाळाचं डोकं ओढून बाहेर काढायचं हे उपकरण. अर्जेंटिनातल्या होर्हे ओडॉन या मोटार मेकॅनिकला २००६ च्या सुमारास त्याची कल्पना सुचली, तीही बाटलीत पडलेलं बूच काढायच्या युक्तीवरून. प्लॅस्टिकची पिशवी आत सोडायची, बूच तिच्याशी टेकवायचं, पिशवी फुंकून फुगवायची आणि ओढायची. पहिला नमुना म्हणजे काचेची बरणी, मुलीची बाहुली आणि बायकोने शिवलेली कापडी पिशवी. 'ओडॉनअसिस्ट' या आजच्या उपकरणामागचं तत्त्वही तेच आहे.

भाग मोजकेच. आत सरकवायचा अ‍ॅप्लिकेटर, पातळ प्लॅस्टिकची बाही, बाहीच्या टोकाला बीपीच्या पट्ट्यासारखा फुगणारा हवेचा पट्टा आणि हातपंप. गर्भाशयमुख पूर्ण म्हणजे १० सेंमी उघडलेलं, पाणमोट फुटलेली, मूत्राशय रिकामं आणि डोक्याची दिशा बोटांनी पक्की कळलेली हवी. अ‍ॅप्लिकेटरची लवचिक पाती डोक्यालगत घसरत बाही आत नेतात. पट्टा फुगवायचा, अ‍ॅप्लिकेटर काढून घ्यायचा आणि कळ आली, बाईने जोर लावला की तेव्हाच ओढायचं. कळ नसताना ओढण्यात काही अर्थ नाही.

नेहमीच्या साधनांपैकी चिमट्यात (फोर्सेप्स) धातूची पाती, व्हॅक्यूममध्ये टाळूवरची कातडी ओढणारा कप. इथे दोन्ही नाहीत, जोर डोक्याभोवती वाटला जातो. किवी कप (व्हॅक्यूमचाच एक प्रकार) मागच्या टाळूच्या, म्हणजे डोक्याच्या मागच्या मऊ जागेच्या, ३ सेंमी पुढे, कवटीच्या मधल्या सांध्यावर बसावा लागतो. जरा पुढे किंवा बाजूला बसला तर डोकं वाकायचं सोडून ताठ होतं आणि कप 'पॉप' करून निघतो. शिवाय डोक्याला सूज भरपूर असेल तर पकडच लागत नाही. ओडॉनला ही नेमकी जागा शोधायची गरज कमी. कागदावर तरी.

प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयातल्या पहिल्या अभ्यासात ४० बायकांपैकी १९ जणींचंच बाळंतपण या उपकरणाने पार पडलं. उरलेल्या २१ जणींसाठी दुसरा मार्ग धरावा लागला. उपकरणामुळे आई किंवा बाळाला गंभीर इजा झाली नाही, ही जमेची बाजू. वापराची पद्धत सुधारल्यावर तिथल्याच पुढच्या १०४ जणींमध्ये यश सुमारे दोन तृतीयांशांवर गेलं आणि फ्रान्समधल्या बेझांसॉनमध्ये त्याहूनही बरंच वर. उपकरण तेच असताना निकालात एवढा फरक पडतो, म्हणजे हातांचा सराव आणि बाई कोणती निवडली यालाही तितकंच महत्त्व दिसतं.

त्यामुळे 'कुणीही वापरू शकेल' हा सुरुवातीचा गाजावाजा आम्हाला पटत नाही. पट्टा डोक्याच्या रुंद भागापलीकडे पोचलाच नाही, तर ओढताना बाही तेवढी हातात येते. म्हणून सराव आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) हवा, आणि लेबर रूममध्ये किवी, चिमटा आणि सिझेरियनची तयारी शेजारीच हवी. उपकरण एकदाच वापरायचं आहे. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून पुन्हा वापरायचा मोह नको.