मेणबत्तीची सुगंधी तेलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाटलीला नाक लावून मेणबत्तीच्या तेलाची पारख होत नाही. सोया वॅक्समध्ये, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणात, लिंबू, व्हॅनिला, चंदन, लॅव्हेंडर आणि मोगरा ही तेलं गेले काही महिने सातत्याने वापरतेय. बाटलीत सगळ्यात ताजंतवानं वाटणारं लिंबू मेणबत्ती पेटल्यावर जेमतेम जाणवतं. त्यातले हलके घटक पटकन उडून जातात. उलट व्हॅनिला बाटलीत अगदी साधं वाटतं, पण पेटल्यावर खोली भरून टाकतं. मात्र त्यातल्या व्हॅनिलिनमुळे, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या घटकामुळे, मेण आधी पिवळसर आणि मग तपकिरी होत जातं. पांढरीशुभ्र मेणबत्ती हवी असेल तर हे तेल घेऊच नका.

तुलना करायची तर मेण, ग्लास आणि वात तीच ठेवून फक्त तेल बदलायचं. तेल मिलिलिटरमध्ये मोजू नका, वजन करा. प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. मी 200 ग्रॅम मेणाला 8 टक्के, म्हणजे 16 ग्रॅम तेल घेते, ते 80 ते 85 अंश सेल्सिअसला घालते आणि दोन मिनिटं सावकाश ढवळते. फ्लॅश पॉइंटच्या वर तेल घातलं की वास उडून जातो, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते, तो फ्लॅश पॉइंट. साठवण आणि वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी तो बघायचा. अर्थात मेण उघड्या ज्योतीवर कधीच वितळवू नये, तेल कुठलंही असो.

यानंतरचा भाग संयमाचा आहे. सोया मेणबत्ती ओतल्यावर तेल मेणात मुरावं म्हणून मी ती दोन आठवडे पेटवत नाही. पॅराफिनच्या (खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणाच्या) मेणबत्तीला काही दिवस पुरतात. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वासच येत नाही" असं म्हणणं त्या तेलावर अन्याय आहे. शिवाय मेणबत्तीशेजारी बसून राहिलं की नाकाला सवय होते आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून दार लावून मी बाहेर निघून जाते, तासाभराने परत येते आणि आत शिरताना जे जाणवतं तेच वहीत लिहिते. बाहेरून कुणी आलं असेल तर त्यांना आधी विचारते. त्यांचं नाक माझ्यापेक्षा ताजं असतं.

चंदनाने मला सर्वाधिक शिकवलं. पहिल्या मेणबत्तीत वास मंद होता, वातीच्या टोकावर काजळीचा गोळा धरला होता आणि वितळलेलं मेण ग्लासच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर अलीकडेच थांबलं होतं. तेल दाट होतं आणि वात त्या मानाने बारीक. तेच तेल, तेवढंच प्रमाण, फक्त वात एक नंबर जाड घेतली, तर मेण कडेपर्यंत वितळलं आणि चंदन शेजारच्या खोलीत दरवळू लागलं. माझं स्पष्ट मत आहे की "कमकुवत" म्हणून बाजूला टाकलेल्या तेलांपैकी बऱ्याच तेलांचा दोष वातीचा असतो. पेटवण्याआधी वात 5 ते 6 मिलिमीटरपर्यंत कापायची आणि एका वेळी चार तासांच्या वर जाळायची नाही.

तेल वाढवून वास वाढतोच असं नाही. लॅव्हेंडर 10 टक्के घातलं तेव्हा मेणाने ते धरून ठेवलं नाही आणि वरच्या थरावर तेलाचे बारीक थेंब दिसू लागले. 6 टक्क्यांना तोच वास मिळाला, आणि ज्योतही शांत राहिली.

मोगऱ्याबद्दल माझी तक्रार आहे. एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या दोन बाटल्यांमध्ये वास सरळसरळ वेगळा होता. पहिलीत फुलाचा गोडवा, दुसरीत उग्र, रासायनिक दर्प. दोन्ही बाटल्यांवर बॅच नंबर नव्हता. आता मी बॅच नंबर, सुरक्षितता माहितीपत्रक आणि इफ्राचं (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचं) प्रमाणपत्र मागितल्याशिवाय तेल घेत नाही. त्या प्रमाणपत्रात मेणबत्त्या बाराव्या वर्गात येतात, तेवढं तपासून बघा.

चंदन आणि व्हॅनिला मी पुन्हा मोठ्या बाटलीत घेणार आहे. लॅव्हेंडर 6 टक्क्यांनीच चालू राहील. लिंबू एकट्याने नाही, चंदनात थोडं मिसळून वापरेन. मोगऱ्यासाठी दुसरा विक्रेता शोधतेय आणि त्याच्याकडून आधी फक्त नमुन्याची बाटली मागवणार आहे.