स्वस्त मालकीच्या घरांच्या योजना: चावी मिळाल्यानंतरचा हिशेब

गरजू कुटुंबाला परवडेल अशा किमतीत स्वतःच्या मालकीचे घर मिळवून देणाऱ्या योजनांचे कौतुक बहुधा चावी हाती पडण्यापाशीच थांबते. फीत कापली जाते, छायाचित्र निघते; पुढची वीस-तीस वर्षे हप्ते, कर, गळके छत आणि एखाद दिवशी घर विकण्याची आलेली वेळ या सगळ्यांचा मेळ ते कुटुंब कसा घालते, याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. म्हणून या परीक्षणात अशा योजनांना दोनच कसोट्या लावल्या आहेत. हप्ता सुरू झाल्यावर घरखर्चाला किती पैसा उरतो, ही पहिली. आणि घर विकताना वाढलेल्या किमतीतला वाटा कोणाच्या पदरात पडतो, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे माहितीपत्रकात क्वचितच सापडतात, ती गहाणखतात आणि खरेदीखतात असतात.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी हे आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ 1942 मध्ये सुरू झालेल्या कॉयनोनिया या सामूहिक शेतीवर आधी अशा घरांचा प्रयोग झाला आणि त्याच अनुभवातून मिलार्ड व लिंडा फुलर या दांपत्याने 1976 मध्ये ही संस्था काढली. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984 मध्ये न्यूयॉर्कमधील एका मोडकळीला आलेल्या इमारतीच्या कामावर स्वतः हातोडा घेऊन उतरले, तेव्हापासून तिचे नाव जगभर झाले. मात्र या प्रसिद्धीमुळे लोकांचा एक गैरसमज पक्का झाला, तो असा की संस्था घरे फुकट वाटते. प्रत्यक्षात निवडीचे निकष तीन आहेत: सध्याचे राहते घर अपुरे किंवा धोकादायक असणे, बांधकामात स्वतः सहभागी होण्याची तयारी असणे आणि हप्ता फेडण्याची कुवत असणे. यातला तिसरा निकष ज्यांना कळत नाही, त्यांचा अर्ज फेटाळला गेल्यावर मोठा हिरमोड होतो. ज्यांचे उत्पन्न अगदीच तुटपुंजे किंवा अनियमित आहे, त्यांच्यासाठी ही योजना नाही. हा तिचा दोष म्हणता येणार नाही, पण देणगीदारांना उद्देशून काढलेल्या पत्रकांत ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगितलेली नसते, आणि ती सांगितली जायला हवी.

या योजनेची खरी ताकद कर्जाच्या रचनेत आहे. मूळ कल्पनेनुसार घर नफा न घेता विकायचे, कर्जावर व्याज लावायचे नाही आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे करायचे. व्याज नसण्याने नेमके काय घडते, हे आकड्यांतच पाहावे. कर्ज 100 एकक आणि मुदत 30 वर्षे धरली, तर बिनव्याजी कर्जात 360 हप्त्यांत एकूण 100 एककच फेडावे लागतात. तेच कर्ज बाजारात 6 टक्के दराने घेतले, तर फेड जवळपास 216 एककांवर जाते आणि मासिक हप्ता दुपटीहून अधिक होतो. दोन कमावत्या माणसांच्या घरात हा फरक मुलांच्या शिक्षणाचा, आजारपणाचा आणि एखादा महिना काम न मिळाल्यास तग धरण्याचा असतो. संस्थेच्या काही स्थानिक शाखा आता अल्प व्याजही आकारतात. तेव्हा ‘हॅबिटॅट म्हणजे बिनव्याजी’ असे गृहीत न धरता आपल्या शाखेचा दर लेखी विचारून घ्यावा.

एवढे असूनही हप्ता कायम तेवढाच राहील या भरवशावर राहू नये. दरमहा जी रक्कम जाते, तिच्यात बहुतेक ठिकाणी मुद्दलाखेरीज मालमत्ता कर आणि घराचा विमाही मिळवलेला असतो. हप्ता उत्पन्नाच्या साधारण 30 टक्क्यांच्या आत बसवला जातो हे खरे, पण तो हिशेब पहिल्या वर्षाचा असतो. आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले, की कराची आकारणी वाढू शकते; आगी आणि पुरांचे प्रमाण वाढलेल्या प्रदेशांत विम्याचे दर चढतात; आणि मुद्दल जागच्या जागी असूनही हप्ता वर सरकतो. स्वस्त घराच्या योजनेत खरे पाणी मुरते ते इथे. कराची आकारणी बाजारभावावर होणार की घरावर घातलेल्या निर्बंधांचा विचार करून, हा प्रश्न अर्ज भरतानाच विचारायला हवा, कारण दहा वर्षांनी विचारून त्याचा काही उपयोग होत नाही.

श्रमाच्या वाट्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. कुटुंबाने काहीशे तास बांधकामावर घालवावेत, ही अट योजनेच्या गाभ्याशी आहे आणि तिचे फायदे दिसतात. ज्याने भिंतीच्या आत गेलेला पाण्याचा पाइप स्वतः बसताना पाहिला आहे, त्याला ओल आल्यावर कुठे फोडायचे हे ठाऊक असते. शेजारी होणारी माणसे राहायला येण्यापूर्वीच एकमेकांना ओळखू लागतात. शिवाय घरखर्च, विमा आणि देखभाल यांवरच्या वर्गांचे तासही बहुधा याच हिशेबात धरले जातात, आणि ते वर्ग माझ्या दृष्टीने विटा रचण्याइतकेच उपयुक्त आहेत. पण आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या, लहान मुले एकटीने वाढवणाऱ्या आईकडून सातवा दिवसही मागणे ही लहान गोष्ट नाही. चांगल्या शाखा नातेवाइकांचे आणि मित्रांचे तास मोजतात, अपंग अर्जदाराला कार्यालयातले काम देतात, मुले सांभाळण्याची सोय करतात. जिथे हे होत नाही, तिथे ही अट नकळत गाळणीचे काम करते आणि ज्यांना घराची निकड सर्वांत जास्त, तेच बाहेर पडतात.

याच कल्पनेचे अधिक कडक रूप अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रामीण स्वसाहाय्य गृहयोजनेत दिसते. तिथे काही कुटुंबांचा गट मिळून सगळ्यांची घरे बांधतो, बांधकामातले किमान 65 टक्के श्रम या कुटुंबांनी करायचे असतात, आणि शेवटचे घर पूर्ण होईपर्यंत कोणीही राहायला जायचे नसते. ही शेवटची अट वाचताना जाचक वाटते, पण तिच्यामुळेच आपले घर झाले की हात झटकून मोकळे होणाऱ्यांना आळा बसतो. त्याच खात्याच्या थेट कर्जावर अनुदान धरून व्याजाचा प्रत्यक्ष भार 1 टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो आणि मुदत 33 वर्षांची, क्वचित 38 वर्षांचीही असते. कमी उत्पन्नाच्या ग्रामीण कुटुंबासाठी याहून सोपी फेड मला तरी माहीत नाही. मात्र घर विकताना किंवा ते सोडून जाताना मिळालेल्या व्याज-अनुदानाचा काही भाग परत करावा लागू शकतो. हे कलम अनेकांच्या लक्षात येते ते घराचे गिऱ्हाईक ठरल्यावर.

इथून दुसऱ्या कसोटीकडे वळतो, कारण बहुतेक योजनांची परीक्षा इथेच होते. देणग्या, सरकारी पैसा आणि स्वयंसेवकांचे श्रम ओतून स्वस्त केलेले घर पहिल्या मालकाने काही वर्षांत बाजारभावाने विकले, तर एका कुटुंबाचे भले होते, पण गावातले एक परवडणारे घर कायमचे हातचे जाते. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरे भरघोस सवलतीत विकत घेता आली. लाखो कुटुंबे मालक झाली, आणि त्यांतली पुष्कळ घरे पुढे खासगी घरमालकांच्या हाती जाऊन चढ्या भाड्याने उठू लागली. स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये ही सवलत बंद केली. हॅबिटॅटच्या शाखा यावर दुसऱ्या गहाणखताचा तोडगा काढतात: बाजारभाव आणि कुटुंबाला लावलेली किंमत यांतल्या फरकाचे वेगळे कर्ज कागदावर राहते, त्याचा हप्ता भरावा लागत नाही, ठरावीक वर्षे राहिल्यास ते टप्प्याटप्प्याने माफही होते, पण घर लवकर विकल्यास ते फेडावे लागते. तोडगा चांगला आहे, तरी माफीची मुदत संपली की घर पुन्हा खुल्या बाजारातच जाते.

सामुदायिक भूमी-न्यास हा प्रकार म्हणूनच मला अधिक विचारपूर्वक रचलेला वाटतो. यात जमीन न्यासाकडेच राहते, कुटुंब फक्त वरचे घर विकत घेते आणि जमिनीचा साधारण 99 वर्षांचा, वारसांना मिळू शकणारा भाडेपट्टा करते. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात 1984 मध्ये स्थापन झालेला न्यास आज चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या सूत्रानुसार किमतीत झालेल्या वाढीचा 25 टक्के वाटा विकणाऱ्या कुटुंबाला मिळतो. समजा, बाजारात 100 एककांचे घर कुटुंबाला 70 ला मिळाले आणि काही वर्षांनी त्याचा बाजारभाव 140 झाला. वाढ 40 ची, तिचा चौथा हिस्सा 10. म्हणजे कुटुंबाला 70 अधिक 10 असे 80 मिळतात, त्यातून उरलेले कर्ज फेडून बाकीची रक्कम त्याची; आणि पुढच्या कुटुंबाला 140 चे घर 80 च्या आसपास पडते. भाड्याच्या घरात राहिले असते, तर तेवढ्या वर्षांनी गाठीशी काहीच उरले नसते, ही गोष्ट इथे विसरता कामा नये.

या रचनेचा दुसरा फायदा मंदीत दिसला. 2010 च्या अखेरीस अमेरिकेत सर्वसाधारण गृहकर्जांपैकी 4.63 टक्के कर्जे जप्तीच्या प्रक्रियेत होती, तर भूमी-न्यासांच्या घरांत हे प्रमाण 0.46 टक्के होते. यात चमत्कार काही नाही. कर्ज मुळात लहान होते, फसव्या अटींच्या कर्जाला न्यास संमती देत नसे, आणि हप्ता चुकताच न्यासाचा माणूस बँकेच्या आधी दारात येऊन काय अडले ते विचारत असे. चावी दिल्यानंतरही कुटुंबाची सोबत न सोडणे, हीच या प्रकाराची सर्वांत मोलाची सेवा आहे.

तरीही न्यासाची जमीन म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. पहिला सामुदायिक भूमी-न्यास मानला जाणारा न्यू कम्युनिटीज 1969 मध्ये जॉर्जियातच कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी उभा राहिला, त्याच्याकडे सुमारे 5,700 एकर जमीन होती, आणि दुष्काळ व नाकारली-लांबवली गेलेली सरकारी कर्जे यांच्या कचाट्यात ती सगळी 1985 मध्ये गेली. न्यासाचे स्वतःचे हिशेब, त्याच्यावरचे कर्ज आणि विश्वस्त मंडळात रहिवाशांच्या किती जागा आहेत, हे घर घेणाऱ्याने पाहिलेच पाहिजे. आणि हेही कबूल करायला हवे की शेजारचा माणूस बाजारभावाने विकून दामदुप्पट करत असताना आपल्याला वाढीचा चौथाच हिस्सा मिळतो, हे पचवणे सोपे नसते.

सिंगापूरशी या संस्थांची तुलना करणे अन्यायाचे आहे, पण ती टाळताही येत नाही. तिथल्या गृहनिर्माण मंडळाची स्थापना 1960 ची, मालकीची योजना 1964 ची. 1968 पासून भविष्यनिर्वाह निधीतून घराचे पैसे भरण्याची मुभा मिळाली, आणि आज तिथले जवळपास 80 टक्के रहिवासी याच मंडळाच्या घरांत राहतात. एवढा आवाका कोणत्याही सेवाभावी संस्थेला झेपणारा नाही. तिथेही मालकी 99 वर्षांच्या पट्ट्याची आहे, किमान 5 वर्षे आणि मोक्याच्या जागी 10 वर्षे राहिल्याशिवाय घर विकता येत नाही, आणि पट्ट्याची मुदत आटत जाईल तशी जुन्या घराची किंमत उतरणार हे आता रहिवाशांना जाणवू लागले आहे.

घराच्या जागेबद्दल मात्र जवळपास सगळ्याच योजना कमी बोलतात. जमीन स्वस्त मिळते ती शहराबाहेर, आणि मेक्सिकोत सरकारी कर्जांवर दूर माळरानांवर उठवलेल्या वसाहतींतली लाखो घरे रिकामी पडली, कारण कामावर जाण्यायेण्यातच मिळकतीचा मोठा भाग खर्च होत होता. याउलट चिलीतील इकीके शहरात वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना यांच्या चमूने 2004 मध्ये कुटुंबांना त्यांच्या मूळच्या, शहरातल्या जागेवरच अर्धे घर बांधून दिले: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि मुख्य भिंती तयार, उरलेला भाग कुटुंबाने सवडीने भरून काढायचा. अर्धे घर ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण कामधंद्याजवळचे अर्धे घर दोन तासांवरच्या पूर्ण घरापेक्षा कुटुंबाच्या अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा शिफारस अशी. उत्पन्न लहान पण नियमित असेल आणि त्याच गावात मुले वाढवायची असतील, तर हॅबिटॅटसारखी योजना उत्तम. फक्त कर, विमा आणि दुसऱ्या गहाणखताच्या अटी आधी वाचाव्यात. जिथे घरांचे भाव आवाक्याबाहेर गेले आहेत, तिथे भूमी-न्यास मिळत असेल तर तो आधी पाहावा. पण येत्या चार-पाच वर्षांत कामासाठी गाव बदलावे लागण्याची शक्यता ज्यांना दिसते, त्यांनी यांपैकी कोणत्याही योजनेत उतरू नये आणि चांगल्या अटींचे भाड्याचे घर शोधावे, कारण लवकर विकणाऱ्यावर परतफेडीच्या अटींचा भार सर्वांत जास्त पडतो आणि घातलेले श्रमाचे तास कोणी परत देत नाही.